सुरुंगाचा आवाज आणि सुरुंगाचा माणूस

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांत सुरुंग लागू लागतात. कोणी कोणाच्या बालेकिल्ल्याला सुरुंग लावतो, कोणी कोणाच्या हक्काच्या मतांना. गाजावाजा करून काढलेला मोर्चा फसला की तो ‘फुसका बार’ ठरतो. घरात मुलीचे लग्न ठरले की वडीलधारी मंडळी म्हणतात, येत्या मार्गशीर्षात बार उडवून टाकू. सभेतला वक्ता आपला मुद्दा ‘ठासून’ सांगतो. तोफेच्या आणि सुरुंगाच्या कामातून आलेले हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की मुळात ते एका कष्टाच्या आणि जोखमीच्या कामाचे शब्द आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. खडकात भोक पाडायचे, त्यात दारू भरायची, वर माती ठासायची, वात पेटवायची आणि दूर जाऊन उभे राहायचे, हे ते काम. या कामाने मराठीला वाक्प्रचार दिले. मराठी साहित्याने या कामाला काय दिले, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो येथे विचारून पाहावयाचा आहे.

आपण दोन भाषांच्या मुलखात राहणारी माणसे. त्यामुळे शब्दांपासूनच सुरुवात केलेली बरी. ‘सुरुंग’ हा शब्द संस्कृतात फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो आहे, आणि तो मूळ ग्रीक शब्दावरून आला असावा असे एक मत आहे. तिथे त्याचा अर्थ जमिनीखालची वाट. कन्नडमध्ये ‘सुरंग’ म्हटले की आजही प्रथम तीच वाट डोळ्यांपुढे येते. कासरगोड आणि दक्षिण कन्नड भागात तर डोंगरात आडवी खणलेली पाण्याची भुयारे ‘सुरंग’ याच नावाने ओळखली जातात. मराठीने त्या वाटेला ‘बोगदा’ आणि ‘भुयार’ असे वेगळे शब्द दिले आणि ‘सुरुंग’ हा शब्द स्फोटासाठी राखून ठेवला. म्हणजे एकाच घरात, एकाच जेवणाच्या पंगतीत, सुनेच्या माहेरच्या भाषेत जो शब्द वाट दाखवतो तोच सासरच्या भाषेत धडाका दाखवतो. ‘दारू’चेही तसेच. मराठीत दारू म्हणजे मद्यही आणि बंदुकीची भुकटीही. फारसीत मात्र ‘दारू’ म्हणजे मुळात औषध. कन्नडमधला ‘मद्दु’ हा शब्द तर आजही दोन्ही अर्थांनी चालतो. आजारी मुलाला पाजायचे ते मद्दु, आणि तोफेत भरायचे तेही मद्दु. भाषांनी या पदार्थाकडे एकाच वेळी तारक आणि मारक म्हणून पाहिले आहे. साहित्याने त्यातले मारकपण तेवढे उचलले.

आपल्या जुन्या गद्यात सुरुंग येतो तो वेढ्याच्या प्रसंगी. १६६० साली शाइस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळजवळ दोन महिने झुंजवला आणि शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरूज उडवला तेव्हा किल्ला पडला. पुढे चाळीस वर्षांनी, १७०० साली, साताऱ्याच्या वेढ्यात औरंगजेबाच्या सैन्याने तटाखाली सुरुंग भरले. एका स्फोटात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि जिवंत बाहेर निघाला. दुसऱ्या स्फोटाचा तट मात्र बाहेरच्या अंगाला कोसळला आणि चढाईसाठी जमलेले मोगलांचेच शेकडो लोक त्याखाली गेले. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग आपण शाळेत वाचलेला असतो. फिरंगोजी आठवतो, प्रयागजी आठवतो. पण ज्याने अंधारात गुडघ्यांवर बसून ते भुयार खणले, दारू किती भरायची याचा अंदाज केला आणि ज्याचा तो अंदाज साताऱ्यात चुकला, तो कोण होता? तो मोगलांच्या चाकरीतला, म्हणून शत्रू होता हे खरे. पण तट बाहेर का कोसळला, हा प्रश्न दैवाचा नाही, तो कसबाचा आहे. आणि आपण तो दैवाच्या खात्यात टाकून मोकळे झालो. इथेच आपल्या लेखनाची एक खोड ठरून गेली. सुरुंग उडाल्यानंतर लेखणी पोहोचते. त्यामुळे तिला धूर दिसतो, प्रेते दिसतात, विजय किंवा पराजय दिसतो. आधीचे काम दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात हे काम युद्धातून उठून बांधकामात आले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वे चढवली गेली. पंचवीस बोगदे खणावे लागले, ऐन भरात एका वेळी चाळीस हजारांवर माणसे राबत होती, आणि खडक फोडायला होती ती काळी दारू. डायनामाइटचे पेटंट आल्फ्रेड नोबेलने घेतले ते १८६७मध्ये. पटकीने आणि अपघातांनी माणसे किती मेली याची नीट गणती नाही. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. पण पळसदरीहून खंडाळ्यापर्यंतच्या त्या बोगद्यांतून आपण आजही जातो, आणि त्यांतल्या एकाही सुरुंगवाल्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. कोकण रेल्वेच्या वेळी, १९९० ते १९९८ या काळात, हेच पुन्हा घडले. नव्वदच्या वर बोगदे, त्यांतला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. त्यावर अभियंत्यांच्या आठवणी, गौरवग्रंथ, वर्तमानपत्री लेखमाला आल्या. बोगद्याच्या तोंडाशी भोके मोजत उभ्या असलेल्या माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी, सर्वांच्या तोंडी असलेली मराठी कादंबरी मात्र आजही सांगता येत नाही.

मग कथा-कादंबरीत खाण आलीच नाही का? आली. आणि आली तेव्हा ती अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेइतकी भेदक क्वचितच आली. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर कामाला लागतो. अंगात डोंगर फोडण्याची ताकद. खाण बंद पडते आणि तो स्मशानातली राख चाळून, पुढे पुरलेली मढी उकरून सोने शोधू लागतो. शेवटी एका मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कापावी लागतात. आणि बोटे गेली त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. या कथेचे कौतुक नेहमी तिच्या भयानकपणासाठी होते. मला तिचे मोठेपण त्या शेवटच्या हिशेबात दिसते. भीमाच्या रडण्याला कारण स्मशानाची भीती हे नव्हे. डोंगर फोडणारी बोटे गेली, हे आहे. मराठी कथेत कामगाराच्या बोटाची किंमत पोटाच्या भुकेने तर अनेकांनी केली आहे. अण्णा भाऊंनी ती कामाच्या कसबाने केली. बोटे ही भीमाची विद्या होती. या कथेत सुरुंगाचे काम तपशिलाने येत नाही, खाण थोड्याच ओळींत येते. पण सुरुंगवाल्याची गोष्ट लिहायची तर ती कोणत्या पायावर उभी राहील, हे ही कथा दाखवून देते. जुन्या पद्धतीच्या टोप्या, म्हणजे साधे डिटोनेटर, वातीला दाबून बसवायचे ते ठराविक चिमट्याने, असा नियम. पण घाईत दातांनी दाबणारे लोक होते. अशा धंद्यात माणसाचे वय बोटांवरून वाचता येते. भीमाला ते लगेच कळले असते.

अण्णा भाऊंनंतर आपल्या कादंबरीने या प्रदेशात वेगळी वाट धरली. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणामुळे उठलेल्या माणसांचे दुःख मराठीत ठामपणे उभे केले. त्याआधी, १९७७मध्ये, पुंडलीक नायकांच्या ‘अच्छेव’ या कोंकणी कादंबरीने लोहखनिजाच्या खाणींनी शेतीवर जगणाऱ्या गोव्यातल्या एका गावाची घडी कशी विस्कटते ते सांगितले. गोव्यातल्या खाणी २०१२मध्ये बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. या सगळ्या उलथापालथीत ‘अच्छेव’ची आठवण जाणत्या वाचकांना पुनःपुन्हा झाली असेल. या दोन्ही कादंबऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांची दृष्टी जमिनीच्या बाजूची आहे, आणि तशीच ती असायला हवी होती. खाण आणि धरण तिथे बाहेरून आलेली आपत्ती आहे. त्या आपत्तीत रोजंदारीवर उभा असलेला माणूस, ज्याचे घर कदाचित दुसऱ्या कुठल्या धरणाखाली गेले असेल आणि म्हणूनच जो इथे जॅकहॅमर धरून उभा आहे, तो या बाजूने पाहणाऱ्याला धुरळ्यात दिसणे कठीण. म्हणजे आपल्याकडे सुरुंगाचे दोनच पक्ष झाले. एक उद्ध्वस्त करणारा, एक उद्ध्वस्त होणारा. तिसरा, काम करणारा, हा पक्ष रिकामाच राहिला.

हा तिसरा माणूस करतो तरी काय? समीक्षेत याची चर्चा होत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सुरुंगवाल्याचे पहिले काम दगड वाचणे. आपला दख्खनचा काळा पाषाण बाहेरून एकजीव दिसतो, पण त्यात उभ्या भेगा असतात, मधूनच मांजऱ्या दगड लागतो, दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा येतो. भेगेत भरलेली दारू आपले बळ त्या भेगेतून वाया घालवते, नाहीतर नको त्या दिशेने धोंडा भिरकावते. गोव्यात आणि तळकोकणात जांभ्याचा चिरा कापून काढतात, तिथे सुरुंगाचे काम नाही; म्हणून गोव्याच्या वाचकाचा दगड मुका आणि बेळगावच्या वाचकाचा बोलका. दुसरे काम मोजण्याचे. भोक किती खोल, दोन भोकांत अंतर किती, मोकळ्या अंगापासून पहिली ओळ किती आत. तिसरे काम क्रमाचे. लांबून आपल्याला एकच धडाका ऐकू येतो, पण नीट बसवलेल्या कामात तो एक आवाज नसतो. सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावे असे अंतर ठेवून एकामागून एक भोके उडतात. पुढची ओळ सरकून जागा करून देते, मग मागच्या ओळीतला दगड त्या जागेत येतो. सगळे एकदम उडवले तर दगड धड फुटत नाही आणि हादरा मात्र गावापर्यंत पोहोचतो. या धंद्यात जोर दाखवणारा अडाणी ठरतो. थोडक्यात भागवणारा तो जाणता.

आणि चौथे काम वाट पाहण्याचे. वातीने सुरुंग उडवायचे त्या काळी माणूस आडोशाला बसून बार मोजत असे. बारा भरले होते, अकरा वाजले. मग त्या बाराव्यासाठी किती वेळ थांबायचे याचे नियम आहेत. न उडालेल्या भोकातली दारू उकरून काढायची नाही. शेजारी, ठरलेले अंतर सोडून, दुसरे भोक पाडून त्याच्या बळावर ते निकामी करायचे. पाळी संपली आणि ते राहिलेच, तर पुढच्या पाळीच्या माणसाला ते कुठे आहे हे सांगून, नोंद करूनच घरी जायचे. कोळसा खाणींच्या १९५७च्या नियमावलीत आणखी एक कलम होते. ज्याची मजुरी सुरुंगाने किती माल पडला यावर ठरते, अशा माणसाला शॉटफायरर नेमायचे नाही. या एका कलमात मानवी स्वभावाची केवढी ओळख आहे! लोभ हाताला घाई करतो, घाई जीव घेते, म्हणून ज्याच्या हातात वात आहे त्याचे पोट त्या वातीला बांधू नका. आमच्या कथाकारांना जे सुचले नाही ते खाणीच्या कायद्याला सुचले.

आता ‘फुसका बार’ या आपल्या वाक्प्रचाराकडे परत वळून पाहावे. भाषेत फुसका बार म्हणजे हसण्याचा विषय. धंद्यात फुसका बार हा सर्वांत भीतीचा. उडालेला सुरुंग संपलेला असतो. न उडालेला तसाच दबा धरून बसतो, आणि उद्या त्या जागी पहार मारणाऱ्या पोराला त्याची खबर नसते. ज्या भाषेने या शब्दाचा अर्थ इतका उलटा करून घेतला, ती भाषा या कामाच्या जवळ कधी गेलीच नाही, असे म्हणावे लागते. भाषा उंबऱ्याशी थांबली आणि आवाज ऐकून परत आली.

चित्रपटांनी तरी जवळ जावे, तर तिथेही तीच गत. आपल्या भागातल्या मुलांना खाण म्हटले की २०१८चा ‘केजीएफ’ आठवतो. कोलारची खरी सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती, शंभरावर वर्षे चालली आणि २००१मध्ये बंद पडली. पिढ्यान्पिढ्या तिथे राबलेल्या कामगारांत तमिळ बोलणारे फार मोठ्या संख्येने होते. चित्रपटात ती खाण एका नायकाच्या पराक्रमाचे रंगपीठ झाली. करमणूक म्हणून ते चालेल, पण त्यातून खाणीतले कसब कळत नाही. याउलट १९५३चा ‘वेजेस ऑफ फिअर’ हा क्लूझोचा फ्रेंच चित्रपट पाहावा. तेलाच्या विहिरीला लागलेली आग विझवण्यासाठी नायट्रोग्लिसरीन भरलेले ट्रक खडबडीत रस्त्याने न्यायचे आहेत, एवढीच गोष्ट. त्यात एका ट्रकचा स्फोट होतो तेव्हा दिग्दर्शक आपल्याला त्याच्याजवळ नेत नाही. मागच्या ट्रकमधला माणूस सिगरेट वळत असतो. कागदावरची तंबाखू एकाएकी उडून जाते, आणि मग लांबवर उजेड दिसतो. स्फोट दाखवायचा तर तो चिमूटभर तंबाखूत दाखवता येतो, हे त्या माणसाला कळले होते. हिंदीत संजीव यांची ‘सावधान! नीचे आग है’ ही कादंबरी आहे. १९७५च्या चासनाला खाणीतल्या दुर्घटनेने तिला जन्म दिला, आणि कोळशाचा मुलूख तिने आतून पाहिला. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या वाचकांना ती सहज मिळेल. शेजारच्या भाषेत हे होते, मग आपल्याकडे का नाही?

याचे एक उत्तर आपल्या वृत्तपत्री भाषेत दडलेले आहे, कारण आज हे काम बहुसंख्य वाचकांपर्यंत पोहोचते ते बातमीतून. २ ऑक्टोबर २०२२ला मध्यरात्र उलटल्यावर पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल सुमारे सहाशे किलो स्फोटके लावून पाडण्यात आला. वाहिन्यांनी संध्याकाळपासून उलटी मोजणी लावली होती. बार झाला, काँक्रीट सुटले, पण सळ्यांचा सांगाडा काही भागात उभा राहिला आणि तो यंत्रांनी काढावा लागला. लगेच थट्टा सुरू झाली. फुसका बार! खरे पाहता, भर महामार्गावर, आजूबाजूला वस्ती असताना, काँक्रीट जागच्या जागी सुटले, कोणाला इजा झाली नाही आणि उरलेले काम पोकलेनने उरकले, हा त्या कामाचा हिशेब होता. पुलात अंदाजापेक्षा जास्त लोखंड निघाले, असे काम करणाऱ्यांनी सांगितलेही. पण प्रेक्षकांना पडझड हवी होती. त्याच्या महिनाभर आधी, २८ ऑगस्ट २०२२ला, नोएडातले शंभर मीटरच्या आसपास उंचीचे दोन मनोरे सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली बसले. तिथे बटण दाबणाऱ्या चेतन दत्ता यांचे नाव देशभर छापून आले. चांगलेच झाले. सुरुंगवाल्याला कर्तरी प्रयोग मिळाला, असा तो विरळा प्रसंग.

कारण इतर वेळी काय होते? २१ जानेवारी २०२१च्या रात्री शिवमोग्याजवळ हुणसोडूला खाणीच्या आवारात जिलेटिनचा साठा उडाला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतही लोक भूकंप समजून घराबाहेर आले. निदान पाच माणसे गेली. महिनाभरात, २३ फेब्रुवारीला, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात हिरेनागवल्लीला जिलेटिनच्या साठ्याची विल्हेवाट लावताना सहा गेली. दोन्ही बातम्या आपण दोन भाषांत वाचल्या. मराठीत ‘स्फोट झाला’, कन्नडात ‘स्फोट संभविसितु’. दोन्हीकडे क्रियापद अकर्मक. वारा सुटावा, पाऊस पडावा तसा स्फोट झाला. कोणी साठवले, कोणी उचलायला सांगितले, उचलणाऱ्याला परवाना होता का, त्याला कोणी शिकवले होते का, हे प्रश्न वाक्याच्या घडणीतच मावत नाहीत. धंद्याच्या कागदावर मात्र कर्ता असतो. परवाना एका माणसाच्या नावाने निघतो. स्फोटकांच्या परवान्यांचे देशाचे मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. किती कांड्या घेतल्या, किती वापरल्या, किती परत केल्या, खाली सही. जिथे ती वही प्रामाणिकपणे लिहिली जाते तिथे माणसे वाचतात. जिथे परवानावाला घरी बसतो आणि पहार धरणारा पोरगा कांड्या भरतो, तिथे ‘स्फोट होतो’. वही आणि बातमी यांच्यातले हे व्याकरणाचे अंतर भरून काढणे, हे साहित्याचे काम होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लेखकाने काय प्रत्येक धंद्याची माहिती गोळा करीत हिंडावे? साहित्य म्हणजे तांत्रिक पुस्तिका नव्हे. बरोबर. पण शेतीचे तपशील आपल्या ग्रामीण कथेत आहेत, बैलाच्या पायाची नाल कशी ठोकतात ते आहे, गिरणीतला साचा आहे, मासे पकडण्याची जाळी आहेत. त्या तपशिलांनी कथेचे साहित्यपण कमी झाले नाही. झोलाने ‘जर्मिनल’ लिहिण्यापूर्वी, १८८४मध्ये, आँझँच्या खाणीत स्वतः उतरून पाहिले. माहिती ही कथा नव्हे, हे खरे असले तरी माणूस कशाला घाबरतो आणि कशाचा अभिमान धरतो हे त्याच्या कामाच्या तपशिलातच असते. शोषणाची वेदना मांडणाऱ्या आपल्या साहित्याने फार मोठे काम केले आहे. त्याने ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांना बोलते केले. त्याच साहित्याची पुढची पायरी म्हणून मी हे सुचवतो आहे. पिळला जाणारा माणूस जाणकारही असतो. त्याचे जाणकारपण सांगितले की पिळवणूक पातळ होत नाही, उलट नेमकी कळते. ज्याला दगडाची भेग वाचता येते त्याला अंगठा उठवायला लावणे, हा अन्याय नुसत्या दारिद्र्याच्या वर्णनाने पुरता दिसत नाही.

दुसरी एक अडचण आहे ती भाषेची, आणि ती आपल्याला तरी समजायला हवी. दगडाचे काम पिढ्यान्पिढ्या करणारा वडार समाज घरात तेलुगूच्या वळणाची बोली बोलतो. खाणीवर मुकादमाशी मराठीत किंवा कन्नडात, ट्रकवाल्याशी हिंदीत. गाडी वडार, माती वडार, पाथरवट अशी त्यांची कामांवरून पडलेली नावे महाराष्ट्रातही आहेत आणि कर्नाटकातही. आपण सीमाभागातली मंडळी दोन भाषा येतात म्हणून थोडे मिरवतो. आपल्या घराच्या जोत्याचा दगड ज्याने फोडला त्याला तीन येतात, आणि त्याच्या कसबाचे शब्द त्या तीन भाषांत विखुरलेले आहेत. एका भाषेच्या कोशात ते सापडणार नाहीत. पुण्या-मुंबईच्या लेखकाला जे अवघड आहे ते आपल्याला अवघड नसावे. कोणत्या शब्दाला कन्नड शेपूट लागले आणि कोणता तेलुगूतून उतरला, हे ओळखणारे कान आपल्याकडे आहेत. हे काम आपल्याकडे चालून आले आहे, असे मला वाटते.

त्यात उशीर करण्याजोगा वेळही नाही. वातीची जागा शॉकट्यूबने आणि इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरने घेतली आहे, भोके पाडायला यंत्रे आली आहेत. आडोशाला बसून बार मोजणारी पिढी आता म्हातारी झाली. १३ मार्च १९९९ला आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ला कोयनेच्या जलाशयाखाली ‘लेक टॅपिंग’ झाले. खालून बोगदा खणत तळ्याच्या बुडापर्यंत जायचे, मध्ये खडकाचे एक बूच ठेवायचे आणि शेवटी ते एका बारात उडवून तळ्याला वाट करून द्यायची. तिथे फुसका बार निघाला तर दुरुस्तीला जायचे कुठे? वर पाणी, खाली पाणी. सुरुंगाचा जुना अर्थ, जमिनीखालची वाट, आणि आपला नवा अर्थ, धडाका, हे दोन्ही त्या एका क्षणी एकत्र आले. असा विषय हाताशी असताना आपल्या कथेला विषय मिळत नाहीत अशी तक्रार कोणी करू नये.

म्हणून या अंकाच्या संपादकांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या अंकात खाणीवर आयुष्य काढलेल्या एखाद्या जुन्या सुरुंगवाल्याला बोलते करावे. तो कोणत्या भाषेत बोलेल याची चिंता नको; लिहून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्याला अपघात किती पाहिले हे आधी विचारू नये. बार मोजताना एक कमी वाजला की तो काय करीत असे, आणि पाळी संपल्यावर दुसऱ्याला ते कोणत्या शब्दांत सांगत असे, हे विचारावे. ते शब्द आपल्या कोशात नसतील. आपल्या घरांत मात्र त्यांचा अर्थ अजून शाबूत आहे. दिवाळीत अंगणात लावलेला फटाका उडाला नाही की पोर त्याच्याकडे धावते, आणि घरातले कोणी तरी मोठे माणूस, मराठीत नाहीतर कन्नडात, दारातूनच ओरडते, “थांब, इतक्यात जवळ जाऊ नकोस.”